मिडलँड, ऑस्टिन, फिनिक्स: अमेरिकेत कायदे आधी कुठे शिजतात

अमेरिकेच्या राजकारणाबद्दल आपण जे वाचतो ते जवळपास सगळं वॉशिंग्टनचं असतं. पण शाळा, तुरुंग, कामगार कायदे, धंद्यांची लायसन्स, प्रॉपर्टी टॅक्स हे सगळं तिथे बहुतांशी राज्यंच ठरवतात, आणि म्हणून मला जास्त इंटरेस्ट वाटतो तो एकेका राज्यापुरतं काम करणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह थिंक टँक्समध्ये, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करून ती आपल्या बाजूला वळवू पाहणाऱ्या उजव्या विचारांच्या संस्थांमध्ये. मिशिगनमधल्या मिडलँडचं मॅकिनॉ सेंटर (१९८७), ॲरिझोनातल्या फिनिक्सचं गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट (१९८८), ऑस्टिनचं टेक्सास पब्लिक पॉलिसी फाउंडेशन (१९८९), सगळी एकाच काळातली, रेगनच्या शेवटच्या वर्षांतली आणि लगेच नंतरची. १९९२ मध्ये साउथ कॅरोलायनाचे उद्योजक थॉमस रो यांनी अशा संस्थांना जोडणारं स्टेट पॉलिसी नेटवर्क उभं केलं आणि आता जवळजवळ प्रत्येक राज्यात यांची एक तरी संस्था आहे.

यांचे बरेच मुद्दे मला पटत नाहीत, काही अगदी मनापासून पटतात, ते पुढे येईलच. पण यांची काम करायची पद्धत समजून घेतल्याशिवाय अमेरिकेत कायदे कसे होतात ते कळणारच नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी हे बघा की हे कायदे करणारी माणसं कोण आहेत. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम सालात, जास्तीत जास्त १४० दिवस भरतं आणि आमदाराला वर्षाला पगार ७,२०० डॉलर. न्यू हॅम्पशायरमध्ये कनिष्ठ सभागृहातच ४०० आमदार आणि पगार वर्षाला १०० डॉलर, हो, शंभरच. म्हणजे हे लोक वकिली, शेती, दुकान सांभाळून आमदारकी करतात, स्टाफ तुटपुंजा, आणि एका सेशनमध्ये हजारो बिलं समोर येतात. अशा वेळी कुणीतरी येऊन चार पानांची नोट देतं, त्यात आकडे आहेत, शेजारच्या राज्यात काय झालं ते आहे, बिलाचा तयार मसुदा आहे, आणि कमिटीसमोर साक्ष द्यायला माणूसही आहे, तर तो आमदार ती नोट वाचणारच ना. यात लाच नाही, कटकारस्थान नाही, सरळ साधी गरज आहे आणि ती जो भागवतो त्याचं वजन वाढतं. माझ्या मते या संस्थांची खरी ताकद इथेच आहे, पैसा नंतर येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबायची तयारी. मॅकिनॉ सेंटरमध्ये जोसेफ ओव्हरटन नावाचे गृहस्थ होते, मूळचे इंजिनियर, आधी डाऊ केमिकलमध्ये होते. देणगीदारांना थिंक टँकचं काम समजावून सांगायला त्यांनी पुठ्ठ्याची सरकणारी पट्टी असलेलं एक माहितीपत्रक केलं होतं. एखाद्या विषयावर अगदी पूर्ण सरकारी नियंत्रणापासून पूर्ण मोकळिकीपर्यंत सगळे पर्याय एका रेषेवर मांडायचे, त्यातले मोजकेच पर्याय कुठल्याही वेळी लोकांना चालण्यासारखे असतात, हीच ती खिडकी, आणि राजकारणी माणूस निवडणूक हरायची नसेल तर त्याच खिडकीत राहतो. मग थिंक टँकने नेत्याच्या मागे लागण्यापेक्षा खिडकीच सरकवायची. ओव्हरटन २००३ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात वारले, वय फक्त ४३, आणि ‘ओव्हरटन विंडो’ हे नाव सहकाऱ्यांनी नंतर दिलं. आज डावे, उजवे, टीव्हीवरचे अँकर सगळे तो शब्द वापरतात पण तो मिशिगनमधल्या मिडलँडसारख्या लहान शहरातून आलाय हे फार थोड्यांना माहीत असतं.

आणि ती खिडकी खरंच सरकली. ‘राइट टू वर्क’ म्हणजे युनियनचा करार असलेल्या ठिकाणी नोकरी केली तरी युनियनला फी देण्याची सक्ती नाही. मिशिगन म्हणजे ऑटो कामगारांचं राज्य, १९३६-३७ चा फ्लिंटचा बैठा संप जिथे झाला ते राज्य, तिथे असा कायदा होईल म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. मॅकिनॉ सेंटर वर्षानुवर्षं यावर लिहीत राहिलं. मग २०१२ मध्ये सगळं जुळून आलं, फेब्रुवारीत शेजारच्या इंडियानाने तो कायदा केला, नोव्हेंबरमध्ये सामूहिक वाटाघाटीचा हक्क राज्यघटनेत घालायचा युनियन्सचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला, आणि हा आपल्या अजेंड्यावर नाही असं सांगत आलेले गव्हर्नर रिक स्नायडर यांनी ११ डिसेंबरला सही करून टाकली, कमिटीत सुनावणीसुद्धा झाली नाही, बाहेर राजधानी लान्सिंगमध्ये हजारो कामगार निदर्शनं करत होते.

मला हा कायदा तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो, कारण युनियनला करारातल्या सगळ्यांचं प्रतिनिधित्व करणं बंधनकारक असतं, मग खर्च काहींनीच का उचलायचा? शेवटी २०२३ मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी तो रद्द करायच्या बिलावर सही केली. पण मला सलतं ते वेगळंच. कायदा वाईट वाटला तरी त्यामागे इतक्या वर्षांचं काम होतं, आणि समोरच्या बाजूने राज्य पातळीवर तेवढ्याच चिकाटीचं काम फार उशिरा सुरू झालं.

आता जे मनापासून पटतं ते. २००७ मध्ये टेक्सासपुढे अंदाज आला की पाच वर्षांत तुरुंगांत १७,००० पेक्षा जास्त जागा आणखी लागणार, खर्च २ अब्ज डॉलर. त्याऐवजी रिपब्लिकन जेरी मॅडन आणि डेमोक्रॅट जॉन व्हिटमायर या दोन आमदारांनी २४.१ कोटी डॉलर व्यसनमुक्ती, प्रोबेशन, उपचार यांवर लावायचं ठरवलं, आणि टेक्सास पब्लिक पॉलिसी फाउंडेशनने त्यांची बाजू लावून धरली. मुद्दा असा मांडला की तुरुंग हासुद्धा सरकारी खर्चच आहे, मग त्याचा हिशोब का मागायचा नाही? दया वगैरे भाषा न वापरता कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला पटेल असं बोलले आणि म्हणूनच ते टेक्सासात चाललं. २०११ मध्ये शुगर लँडचा जुना तुरुंग बंद झाला, टेक्सासच्या इतिहासात पहिल्यांदाच. टेक्सासमध्ये आजही लाखाच्या वर कैदी आहेत त्यामुळे प्रश्न संपला असं कुणी म्हणू नये, पण २०१० मध्ये याच संस्थेने ‘राइट ऑन क्राइम’ मोहीम सुरू केली आणि इतर राज्यांतल्या रिपब्लिकन आमदारांना या विषयावर बोलायची सोय झाली, हे फार मोठं काम आहे.

गोल्डवॉटरचं ‘राइट टू ट्राय’ मात्र मला मधलंच वाटतं. असाध्य आजाराच्या रुग्णाला एफडीए या औषधांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय संस्थेची परवानगी न घेता प्रायोगिक औषध मागता यावं असा कायदा, २०१४ मध्ये कोलोराडोने पहिला केला, मग एकामागून एक चाळीसच्या आसपास राज्यं, आणि २०१८ मध्ये तो देशाचा कायदा झाला. पद्धत म्हणून जबरदस्तच. पण औषध कंपनीवर औषध द्यायचं बंधन त्यात नाही, आणि एफडीए आधीपासूनच अशा जवळजवळ सगळ्या अर्जांना होकार देत होती. मरणाच्या दारातल्या माणसाला आशा दाखवताना त्या आशेत किती दम आहे हेही सांगायला हवं, ते झालं नाही याचं मला वाईट वाटतं.

राहिला पैशाचा विषय. या संस्था कर कायद्याखाली धर्मादाय धरल्या जातात, उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, लॉबिंगवर मर्यादा असते, आणि देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाचा नियमसुद्धा ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला, त्यात तर नावं फक्त ॲटर्नी जनरलकडे द्यायची होती. कोर्टाने आधार घेतला १९५८ च्या अलाबामा खटल्याचा, ज्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने सदस्यांची यादी द्यायला नकार दिला होता. तो नकार बरोबर होता, यादी फुटली असती तर कृष्णवर्णीय सदस्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, जीवही गेले असते. म्हणून सगळ्या देणगीदारांची नावं उघड करा असं मी म्हणणार नाही, शंभर डॉलर देणाऱ्या शिक्षिकेला कुणाला जाब द्यायची गरज नाही. पण एखादी संस्था विजेच्या नियमांवर कमिटीसमोर साक्ष देते आणि तिच्या मोठ्या देणगीदारांत तेल कंपनी आहे, तर समोर बसलेल्या अर्धवेळ आमदाराला ते साक्षीच्या आधी कळलं पाहिजे, आणि हाच नियम डाव्या बाजूच्या संस्थांना, युनियन्सच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनाही लागू पाहिजे. रक्कम किती मोठी असली की नाव सांगायचं हे प्रत्येक राज्याने आपापलं ठरवावं, बजेटच्या काही टक्क्यांवर मर्यादा ठेवली तरी पुरे.