लोणावळ्याहून कर्जतला, पायी

राजमाचीच्या किल्ल्याला मुंबईहून दर पावसाळ्यात झुंडीने लोक जातात आणि त्यातले बहुतेक जण अर्धीच वाट चालून येतात. लोणावळ्याहून कच्च्या रस्त्याने किल्ल्याखालचं गाव उधेवाडी, तिथून किल्ला, आणि आल्या पावली परत. उरलेली अर्धी, म्हणजे उधेवाडीतून कोंढाण्याच्या (सिंहगड नव्हे, कर्जतजवळच्या) लेण्यांवरून खाली कोकणात उतरणारी वाट, राहून जाते. माझ्या मते खरी राजमाची तिथेच कळते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाच्या या परिसरातून देशावर चढायचा. पायथ्याला लेणी, माथ्यावर किल्ला, आणि दोन्हींना बांधणारी घाटवाट. एक टोक सोडलं की दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

चालायची दिशा लोणावळा ते कर्जत हीच ठेवा. उलट्या बाजूने कोंढाण्याहून चढायचं तर कोकणातल्या दमट हवेत सरळ उभा चढ अंगावर घ्यावा लागतो आणि वर पोचेपर्यंत पाणी संपतं. परतीच्या गाडीचा हिशोबही इकडूनच जमतो. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या एक्सप्रेसच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. कर्जतहून मात्र लोकल तिथूनच सुटते, बसायला मिळतं. तिकिटं दोन वेगळी काढा. जाताना एक्सप्रेसचं अनारक्षित, येताना लोकलचं. लोकलच्या तिकिटावर एक्सप्रेसमध्ये बसता येत नाही, हे पहाटेच्या घाईत हमखास विसरलं जातं.

पहाटेची इंद्रायणी एक्सप्रेस दादर, ठाणे, कल्याण घेत आठच्या सुमाराला लोणावळ्याला सोडते. वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. स्टेशनाबाहेर पोहे-चहा उरकून तुंगार्ली धरणाची वाट धरायची. धरणापर्यंत डांबरी चढ आहे, तिथून पुढे मातीचा गाडीरस्ता. लोणावळा स्टेशन ते उधेवाडी हे अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. तासाला चार किलोमीटरने चार तास होतात, पण थांबे, ओढे आणि चिखल धरून पाच तास मोजा. धरणानंतर काही फाटे बंगल्यांकडे आणि वाड्यांकडे जातात. शंका आली की जीपच्या चाकोऱ्या जिकडे जास्त खोल, तिकडे जा. फणसराईची वाडी मागे पडली की दरीच्या कडेकडेने चाल आहे, आणि धुकं नसेल तर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले जोडीने समोर येतात.

हा टप्पा सोपा आहे म्हणून लोक इथे फसतात. गाडीरस्ता सपाट, पाय भराभर पडतात, पाणी प्यायची आठवण होत नाही. मग दुपारी किल्ला चढताना पोटरीत पेटके येतात. माणशी तीन लिटर पाणी घ्या, पावसाळ्यातसुद्धा. पावसात तहान लागत नाही, पण रेनकोटच्या आत घाम निथळतच असतो. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घालून ठेवा आणि तासातासाला चार घोट घ्या. खाण्याला चपाती-भाजी, शेंगदाणे-गूळ, खजूर. चिक्की लोणावळ्यात मिळतेच, पण ती उतारासाठी राखून ठेवा.

एका दिवसात हे सगळं बसवता येतं, पण मी सुचवणार नाही. उधेवाडीत घरांमधून जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते, फक्त आधी फोन करून सांगावं. पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या ऐनवेळी थापायला लावणं बरं नव्हे. दीडच्या आसपास गावात पोचा, जेवा, पाय सुकवा, आणि चारला श्रीवर्धनकडे निघा. वाट भैरवनाथाच्या देवळापाशी येते. देऊळ दोन्ही बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत आहे. तिथून श्रीवर्धनला पाऊण तास पुरतो. उंची साधारण 914 मीटर, दोघांत हाच उंच. वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. त्यांत हात-पाय धुऊ नका. हा किल्ला 1657 साली शिवाजी महाराजांकडे आला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. पण तारखांपेक्षा वर उभं राहून उल्हास नदीच्या दरीकडे बघा. घाट चढणारा माणूस इथून किती आधी दिसत असेल ते लगेच ध्यानात येतं. मावळत्या उन्हासाठी थांबायचं तर प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी हवी. मोबाईलचा उजेड हातात धरला की पडताना आधाराला हात मोकळा राहत नाही, म्हणून डोक्याला बांधायची बरी. मनरंजन दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाच्या आधी.

आता उतार. सगळ्यात जास्त माणसं इथेच जायबंदी होतात.

कोंढाण्याची वाट उधेवाडीतूनच सुटते. गावात विचारून, शक्य तर कुणाला तरी सुरुवातीच्या टप्प्यापर्यंत सोबत घेऊन निघा. वाट मळलेली आहे, पण रानात शिरल्यावर ढोरवाटा फुटतात. ढोरवाट ओळखायची खूण अशी: ती आडवी जाते, पुन:पुन्हा फुटते आणि काही अंतरावर झुडपात विरते. माणसांची वाट सतत खाली उतरत राहते आणि तिच्यातले दगड वापराने गुळगुळीत झालेले असतात. दहा मिनिटं उतार लागला नाही तर पुढे शोधत बसू नका, शेवटच्या ठळक खुणेपर्यंत मागे या. धुक्यात "खाली दरीतच जायचंय, कुठूनही उतरू" असं म्हणून ओढ्यात शिरणं सगळ्यात वाईट. सह्याद्रीतला ओढा कधीही कड्यावरून उडी घेतो, आणि मग वर चढता येत नाही नि खाली उतरता येत नाही.

निघण्याआधी दोन कामं. पायाची नखं दोन दिवस आधीच कापलेली असू द्या. उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि वाढलेलं नख काळं पडून निघतं. दुसरं, उतार सुरू व्हायच्या जागी बसून लेस पुन्हा बांधा. टाच मागे दाबून धरायची, घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांत लेस आवळून दुहेरी गाठ मारायची. पाय पुढे सरकता कामा नये, बोटांना मात्र हलायला जागा हवी. सुती मोजे भिजले की कातडीला चिकटून घासतात आणि फोड येतात. सिंथेटिक मोज्यांचे दोन जोड आणा, कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून तो याच वेळी घाला. सॅकवरचं कव्हर वाऱ्याने उडतं, म्हणून आतलं सामानच मोठ्या पिशवीत बांधलेलं असावं.

पावसाळ्यात दगडावर दोन प्रकारचा ओला थर असतो. काळा, खरखरीत कातळ ओला असला तरी पाय धरतो. हिरवट किंवा चकचकीत काळं शेवाळ धरत नाही. त्यावर टाच टेकवली की माणूस पाठीवर आपटतो. पाऊल पूर्ण तळव्यावर, गुडघा किंचित वाकवून, लहान लहान टाकायचं. पाऊस थांबल्यावर, नोव्हेंबरनंतर, शेवाळ जातं पण सुट्या मुरमाचा घसारा येतो. तिथे कडेच्या गवताला धरू नका, ते मुळासकट हातात येतं. एक काठी असेल तर गुडघ्यांवरचा भार बराच कमी होतो. मुक्कामाचं ओझं पाठीवर असेल तर काठी हवीच.

गाव ते लेणी अडीच-तीन तास धरा. शेवटी रान दाट होतं आणि झाडांच्या आड अचानक चैत्याची, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाची, कमान दिसते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे कोरलेलं हे लेणं. घाई करू नका, तासभर द्या. दर्शनी भागावरच्या वेदिका (कोरलेले कठडे), जाळ्या आणि सज्जे जवळून बघा. लाकडी इमारतीतला प्रत्येक जोड दगडात उतरवलाय. कारागिरांना सवय लाकडाची होती, म्हणून दगडातही त्यांनी लाकूडच कोरलं. आतल्या खांबांपैकी बरेचसे खालून झिजून तुटलेत. चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एका भग्न मूर्तीच्या मस्तकापाशी ब्राह्मीतली एकच ओळ आहे: कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं. बाजूलाच विहार, म्हणजे भिक्खूंची राहण्याची जागा, आहे. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून लेण्यांसमोर पाण्याची धार कोसळते. तिच्याखाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगडही येतात.

लेण्यांपासून कोंडिवडे गावापर्यंत अर्धा-पाऊण तासाची सोपी चाल. तिथून कर्जत स्टेशन बारा-चौदा किलोमीटर, टमटम किंवा रिक्षा मिळते. दुपारनंतर त्या तुरळक होतात आणि अंधार पडल्यावर भाड्याचं सांगता येत नाही. म्हणून उधेवाडी दहाच्या आत सोडा. दीडला लेणी, अडीचला निघून सव्वातीनला कोंडिवडे, चारला कर्जत. स्टेशनावर गरम वडा मिळतो. चिखलाचे बूट काढून चपला घाला आणि मगच लोकलमध्ये चढा.