पहिल्यांदा दुसऱ्याच्या भुवईला दोरा लावला

आज पार्लरच्या क्लासमध्ये थ्रेडिंगसाठी पहिली खरी क्लायंट मिळाली. तीन आठवडे स्वतःच्या पायावर सराव केला होता, पण समोर कुणाच्या तरी भुवया असल्या की हात थरथरतोच. एक केस जास्त निघाला तर परत यायला कित्येक आठवडे. मावशी तुळशीबागेतून थेट आल्या होत्या. पिशव्या पायाशी ठेवून म्हणाल्या, "कर गं, घाबरू नकोस." मॅडम मागे उभ्या होत्या. कातडी ताणून धर आणि केस उगवतो त्याच्या उलट ओढ, एवढंच म्हणाल्या.

दुपारी हेअर कलरची थिअरी. कलरमध्ये मिसळायचं २० व्हॉल्यूम डेव्हलपर म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आणि कलरच्या ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट, कारण पीपीडीची, म्हणजे हेअर कलरमधल्या एका रसायनाची, अ‍ॅलर्जी उशिरा दिसते. मी आजवर गेले त्या एकाही पार्लरमध्ये ही टेस्ट केली नव्हती. खरंच राग आला. "पार्लरचं काय शिकायचं असतं?" असं विचारणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी हा तास ऐकायला हवा होता.

आता स्वारगेटच्या पीएमपी बसमध्ये उभी आहे, बोटांवर दोऱ्याचे वळ आहेत. मावशींनी जाताना आरशात दोनदा पाहिलं आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात कुठल्या वारी असतेस?"