टाइमवर गयी

आखाजी होऊन तीन दिवस झाले. पाहुणे गेले, आंब्याच्या कोया अजून अंगणात पडल्यात. माझ्या डोक्यातून मात्र जिजीचं वाक्य जात नाही. "तुन्हं बरं शे वं माय, तू टाइमवर गयी."

रागानं म्हणाली असती तर भांडले तरी असते. ती खापराकडं बघत म्हणाली. खापरावर वहिनी होती. जिजीचा मांडा कोपरापर्यंत दोन्ही हातांवर पातळ पातळ होत जायचा, तो ज्यानं पाहिलाय त्यालाच कळेल. यंदा ती बाजूला बसून वेलदोडे सोलत होती, तेही दातांनी. बोटं सगळी करंगळीकडं कललेली.

टाइमवर म्हणजे काय? मी काही शहाणपणानं डॉक्टरकडं गेले नव्हते. फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटला, पोरं हसली, म्हणून गेले. सकाळी तास-दीड तास मुठी वळायच्या नाहीत, वेणी लेक घालून द्यायची, ते मी चालवून घेतलंच होतं. जळगावला रक्तातला आरए फॅक्टर, म्हणजे रुमेटॉइड संधिवाताची खूण, निगेटिव्ह आला तेव्हा तर पेढे आणायच्या बेतात होते. मग अँटी-सीसीपी, त्याच आजाराची दुसरी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह. फॅक्टर निगेटिव्ह असला तरी हा आजार असू शकतो, हे तेव्हा कळलं. रोगाशी लढणारी आपलीच पलटण आपल्याच सांध्यांवर उलटते म्हणे. 41 व्या वर्षी! उलटायला माझेच सांधे सापडले? दोन रात्री रडले.

डॉक्टर म्हणाले, "पहिल्या 3 ते 6 महिन्यांत औषध सुरू झालं तर बराच फरक पडतो. हाडांची झीज पहिल्या दोन वर्षांतच सुरू होऊ शकते. तुमचे एक्स-रे स्वच्छ आहेत. वेळेवर आलात." तेव्हा ती शाबासकी वाटली होती. आता तोच शब्द जिजीच्या तोंडून आला आणि टोचत बसलाय.

कारण नऊ वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, हौदावर धुणं पिळताना तीच मला म्हणाली होती, "सकायले मूठच वयत नही वं." आणि घरातली शिकलेली मी म्हणाले, थंडीचं आहे, निरगुडीचा शेक घे. तेलसुद्धा मीच आणून दिलं. पुढं कोणी म्हणालं चिकनगुन्या, कोणी म्हणालं वात. दादा तर... जाऊ दे.

तेल मात्र चांगलं होतं, अजून वास आठवतो.

आता तिलाही जळगावला नेते. वळलेली बोटं औषधानं सरळ होणार नाहीत, पण सूज उतरेल, बाकीचे सांधे वाचवता येतील, असं सांगितलंय. या आजाराची गोळी, मेथोट्रेक्सेट, दोघींनाही, आठवड्यातून एकदाच, रविवारी. दर महिन्या-दोन महिन्यांनी रक्ताची तपासणीही दोघींची. ती गोळी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिची पट्टी मी माझ्याकडंच ठेवते. तिच्या बोटांनी ती फुटतही नाही.

रोज संध्याकाळी फोन येतो. "आज रईवार शे का वं?"

आज बुधवार, जिजी.