मर्सेडच्या काठी चार रात्री: आई-बाबा, दोन मुलं आणि एक आरव्ही

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला आम्ही आरव्हीने, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेल्या गाडीने, पहिल्यांदा गेलो ते मेच्या शेवटी. धबधबे तुडुंब होते आणि रात्री झोपेतही त्यांचा आवाज येत होता. पण मर्सेड नदी बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. वर सिएरा पर्वतातलं बर्फ वितळून ते सगळं पाणी दरीत उतरत होतं. वरून नदी संथ दिसायची, पण मधूनच झाडाचा अख्खा ओंडका आमच्या डोळ्यांसमोर वाहत जायचा. तीन दिवस मुलांचे हात सोडले नाहीत. नदीकाठची साइट, म्हणजे मुक्कामाची जागा, मिळूनही मुलांना नदी मिळाली नाही.

यंदा नाशिकहून सासू-सासरे आले होते. म्हणून मुद्दाम ऑगस्टचा तिसरा आठवडा धरला. तोवर योसेमिटी फॉल जवळजवळ आटलेला असतो, कधी कधी नुसती ओली काळी रेघ उरते. पण नदी अंगणात आल्यासारखी होते. जायच्या आधी घरात बसून एवढं एकच नक्की करा: धबधबे बघायचेत की पाण्यात उतरायचंय? दोन्ही एका फेरीत होत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे मिटून ऑगस्ट म्हणेन. त्या दिवसांत वणव्याचा धूर येऊ शकतो, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी हवेचा अंदाज जरूर बघा.

दरीत नदीजवळ तीन कॅम्पग्राउंड आहेत: अपर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स. आम्हाला नॉर्थ पाइन्स मिळालं. तिथे एका अंगाला मर्सेड आणि दुसऱ्या अंगाला टेनाया क्रीक. पूर्वी इथे अपर रिव्हर आणि लोअर रिव्हर अशी आणखी दोन कॅम्पग्राउंड होती. जानेवारी 1997 च्या पुरात ती गेली ती कायमचीच. नकाशात नदीला अगदी चिकटलेली साइट दिसली की हे आठवतं.

बुकिंगला मात्र डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. रिक्रिएशन डॉट गव्हवर उन्हाळ्याच्या तारखा चार-पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला सकाळी 7 वाजता खुल्या होतात आणि काही मिनिटांत संपतात. आम्ही 15 एप्रिलला दोन लॅपटॉप उघडून बसलो होतो. कोणत्या साइट हव्यात त्यांचे नंबर आधी लिहून ठेवा आणि गाडीची लांबी नक्की माहीत असू द्या. अपर पाइन्सला 35 फुटांची मर्यादा आहे, बाकी दोन्हींना 40, पण प्रत्येक साइट तेवढी लांब नसते. आम्ही भाड्याने 25 फुटांची घेतली. सहा माणसांना ती पुरली आणि एका साइटवर माणसंही सहाच चालतात. बुकिंगचे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा पार्कच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकूनच बसा.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमॉंटहून साध्या गाडीने साधारण चार तास लागतात, आरव्हीला आम्ही सहा धरले आणि ते बरोबर ठरलं. वाटेत ओकडेल गावात किराणा आणि बर्फ घेतला. 120 नंबरच्या रस्त्याला लागून ओल्ड प्रीस्ट ग्रेड नावाचा छोटा पण उभा चढ आहे. जीपीएस तो सुचवतो, त्याचं ऐकू नका. आरव्हीने न्यू प्रीस्ट ग्रेडनेच जा, वळणं जास्त असली तरी चढ अंगावर येत नाही. दरीत पेट्रोल पंप नाही, म्हणून क्रेन फ्लॅटला टाकी भरून घ्या.

आता विजेचं. या तिन्ही कॅम्पग्राउंडला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी साइटवर मिळत नाही. मायक्रोवेव्ह आणि एसी फक्त जनरेटरवर चालतात आणि जनरेटर सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 7 एवढाच लावता येतो. मेमध्ये हे आम्हाला नीट कळलं नव्हतं. संध्याकाळी जनरेटर लावला नाही आणि रात्री दोनला हीटर बंद पडला. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर असतो आणि बॅटरी उतरली होती. बाहेर चार-पाच अंश. चौघं एका पांघरुणात शिरून सात वाजायची वाट बघत होतो. गाडी ताब्यात देताना भाड्याच्या ऑफिसातल्या माणसाने याबद्दल अक्षर काढलं नव्हतं, तेव्हा तुम्हीच विचारून घ्या. संध्याकाळच्या दोन तासांत बॅटरी चार्ज करायची हा नियमच करा. यंदा आई-बाबांना एकही रात्र गारठ्यात काढावी लागली नाही.

वयस्कर माणसांसाठी आरव्ही खरंच चांगली. रात्री बाथरूमसाठी टॉर्च घेऊन अंधारात जावं लागत नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवर झोपावं लागत नाही. बाबा दुपारी आत पडायचे, खिडकीतून पाइनची सावली यायची. दिवसा फिरायला दरीतली मोफत शटल वापरा आणि आरव्ही साइटवरून हलवूच नका. शिवाय कॅम्पग्राउंडमध्ये नळ आणि फ्लशचे संडास आहेत, दिवसा तेच वापरले तर गाडीतल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या चार दिवस पुरतात.

स्वयंपाक बाहेरच करा. आत फोडणी दिली की धुराचा अलार्म ओरडतो आणि वास पुढच्या भाडेकरूपर्यंत राहतो. आम्ही टेबलावर गॅसची छोटी शेगडी मांडून पिठलं-भात, पोहे, थालीपीठ सगळं केलं. ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, तेल आणि शितं टाकीत जाऊ देऊ नका. मग येतो अस्वलांचा प्रश्न. प्रत्येक साइटवर लोखंडी पेटी असते, साधारण 45 इंच रुंद, 33 इंच खोल आणि 18 इंच उंच. बाहेर काढलेलं खाणं, मसाल्याचा डबा, चिवडा, टूथपेस्ट, सनस्क्रीन, मुलांच्या खिशातली चिक्कीसुद्धा काम झालं की तिच्यात. आरव्हीत ठेवलेलं चालतं, पण ते बाहेरून दिसता कामा नये आणि तुम्ही नसताना किंवा झोपताना दारं, खिडक्या, छतावरची झडप पूर्ण बंद हवी. बरोबर दुसरी गाडी असेल तर तिच्यात रात्री काहीही ठेवू नका. दंड जबर आहेच, पण माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी मारावं लागतं, हे मुलांना मी स्पष्ट सांगितलं. त्यानंतर पेटीची कडी धाकटा स्वतः तपासायचा.

शेकोटी संध्याकाळी 5 ते 10 एवढीच. दरीत पडलेली लाकडं गोळा करायला बंदी आहे, तिथेच विकत घ्या.

आणि नदी. उतरायचं ते फक्त वाळूच्या किंवा गोट्यांच्या जागी. गवत-झुडपांचा काठ तुडवला की तो ढासळतो, म्हणूनच काही ठिकाणी कुंपण घातलंय. आडव्या पडलेल्या ओंडक्यांपासून लांब राहा, पाणी त्यांच्याखालून जातं आणि माणसाला ओढून घेतं. मुलांना लाइफ जॅकेट ऑगस्टमध्येही घातलं, पाणी गुडघाभर असलं तरी. पाणी तेव्हाही इतकं गार असतं की पंधरा मिनिटांत ओठ निळे होतात. जाडसर टॉवेल आणि पाण्यात घालायच्या सँडल घ्याच, गोटे गुळगुळीत आहेत.

तिसऱ्या संध्याकाळी आई घडीची खुर्ची घेऊन थेट पाण्यात बसल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. तळाचे करडे दगड एकेक दिसत होते, त्यांच्यावरचे काळे ठिपकेसुद्धा. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी गंगेवर तळ असाच दिसायचा गं." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. समोर हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यावरचं ऊन केशरी होत होतं. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि परत सोडलं.

निघताना अपर पाइन्सच्या डंप स्टेशनवर, म्हणजे गाडीच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी, सकाळी लवकर जा, नऊनंतर रांग लागते. हातमोजे घाला, आधी संडासाची टाकी रिकामी करा आणि मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुऊन निघतो. तो पाइप आणि त्याची जोडणी गाडीत आहे ना, ते भाड्याने घेतानाच उघडून बघा.