फोटोच्या उजव्या कडेला

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. कोजागरी.

दूध आटायला ठेवलंय आणि मी इथे वही घेऊन बसलेय. यंदा आपली कोजागरी आणि चिन्यांचा चंद्राचा सण एकाच पौर्णिमेला आले. एरवी त्यांचा बहुधा महिनाभर आधी होऊन गेलेला असतो. यंदा त्यांच्या पंचांगात अधिक महिना होता, म्हणून गाठ पडली. जानेवारीत कॅलेंडर बघून मीच उड्या मारल्या होत्या. आता त्या सणाच्या मिठाईचा, मूनकेकचा डबा शनिवारपासून ओट्यावर पडलाय, दोरीसुद्धा सोडलेली नाही.

शनिवारपासून एकच वाक्य डोक्यात आहे. "आई, इथे कुणाचातरी हात आहे."

लेक एवढंच म्हणाली. आवाज चढला नव्हता, डोळे भरले नव्हते. नागरिकत्वाचा दाखला न्यायला आली होती. हल्ली तिच्या गटातल्या, चीनहून दत्तक आलेल्या सगळ्याच मुली तो जवळ ठेवायला लागल्यात. दत्तक मुलांसाठीचा इथला, अमेरिकेतला कायदा २००१ पासून लागू आहे, विमानतळावरची इमिग्रेशनची खिडकी ओलांडलीस तेव्हाच तू इथली नागरिक झालीस, हे मी तिला कितीदा सांगितलंय. "माहितीये गं, पण कागद असू दे," म्हणाली. त्यावर काय बोलणार? निळी फाइल काढून दिली आणि पोहे परतायला गेले. परत आले तर दाखला बाजूला पडलेला आणि हातात तो फोटो.

मे २००५ मध्ये कुरियरने आलेला फोटो. लाल रंगाचा, कापूस भरलेला जाड कोट. बाहेर फक्त तोंड. बांबूच्या खुर्चीत बसवलंय आणि उजव्या कडेने एक हात येऊन तिला काखेत धरून आहे. मनगटापर्यंतच दिसतो. बाहीला निळ्या चौकड्या. बोटं सुजलेली, सांध्यांवर लालसर. चीनमध्ये यांगत्से नदीच्या दक्षिणेला घरं तापवायची सोय नसते, तिच्या जिआंग्शी प्रांतातल्या बायकांची बोटं थंडीत अशी होतात, हे मला फार नंतर कळलं.

हॉलमधल्या फ्रेममध्ये हा हात नाही. मी तो काढला. दुकानात मोठी प्रत करायला दिली तेव्हा काउंटरवर बोट ठेवून मीच सांगितलं होतं, इथून कापा. शनिवारी लेकीला म्हटलं, अगं, फ्रेमच्या मापात बसत नव्हता. ती "हं" म्हणाली. मापात बसत होता. मला आठवतंय, बसत होता.

रात्री झोप लागली नाही. नवरा म्हणतो, किती विचार करशील, लोक फोटो कापतातच. त्याचं बरोबर असेल. पण मी का कापला ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. माझ्या मुलीच्या पहिल्या फोटोत मला दुसरं कुणी नको होतं.

वीस वर्षांत मी काय केलं नाही? शनिवारी मँडरिनचा वर्ग, रविवारी मराठी शाळा, दोन्हीकडे गाडी घेऊन बाहेर थांबणारी मीच. नवं वर्ष गुढीपाडव्याला आणि पुन्हा त्यांच्या वसंतसणाला. शाळेत वंशवृक्ष काढून आणा म्हणाले तेव्हा रात्री एकपर्यंत जागून तिच्यासोबत दोन मुळांचं झाड काढलं. डॉक्टरकडे दर वेळी घरातल्या आजारांच्या रकान्यात "माहीत नाही" असं लिहिताना माझाच हात थरथरायचा. आणि हे सगळं एका बाजूला, आणि एका फोटोची बोटभर पट्टी दुसऱ्या बाजूला? काल दुपारी मला खरंच रडू आलं. इतकं करून शेवटी दिसणार काय, तर मी कापलेलं.

पण तो हात जातच नाही डोळ्यासमोरून.

२००५च्या जुलैमध्ये तिला आणायला आम्ही जिआंग्शीतल्या नानचांगला उतरलो तेव्हा अंगाची लाही होत होती. त्या सरकारी कचेरीत पंखे फिरत होते, अकरा कुटुंबं भिंतीला टेकून उभी. त्या वर्षी चीनमधून एकट्या अमेरिकेत जवळजवळ आठ हजार मुलं आली, बहुतेक मुलीच, त्यानंतर आकडा तेवढा कधी चढला नाही. आम्हाला तेव्हा आकड्याचं काय. नाव पुकारलं की पुढे जायचं आणि बाळ घ्यायचं. तिला घेऊन आली त्या बाईकडे मी पाहिलंच नाही. बाळाकडेच पाहिलं. तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि बाळाने मागे वळून टाहो फोडला. दुभाषी मुलगी हसून म्हणाली, आयीला हाक मारतेय. अनाथाश्रमात सांभाळणाऱ्या बायकांना तिकडे आयी म्हणतात. आयी म्हणजे मावशी.

हा किस्सा मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. बघा, मराठीच बोलत आली! मिरजेला आईने तर शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकवला. दोन आठवड्यांत मला आई म्हणायला लागली, हेही सांगत आलेय. आता वाटतं, ती कुणाला म्हणत होती? दहा महिन्यांचं बाळ. रात्री उठून दाराकडे बघून आई आई करायचं आणि मी उचलून घेतलं की आणखी रडायचं. ते दुसरं मी कधीच कुणाला सांगितलं नाही.

कागदोपत्री सगळं नीट होतं. लाल शाईत बुडवून आमचे अंगठे घेतले, तिचं इवलंसं पाऊल घेतलं. हिला कधी टाकणार नाही ना, असं विचारलं, आम्ही नाही म्हणालो. अनाथाश्रमाची देणगी, तीन हजार डॉलर, कोऱ्या करकरीत नोटांत. मग व्हिसासाठी ग्वांगजौ शहर, तिथलं शामियान बेट, व्हाइट स्वान हॉटेलातला तो लाल सोफा, त्यावर ओळीने बसवलेल्या मुली. शेजारीच अमेरिकेची वकिलात. तिथे उजवा हात वर करून शपथ घेतली की अर्जात लिहिलंय ते आमच्या माहितीप्रमाणे खरं आहे. आमच्या माहितीप्रमाणे.

परतून चार महिने झाले नसतील तर हूनान प्रांताची बातमी आली. तिथल्या हंगयांगच्या अनाथाश्रमांनी दलालांकडून पैसे देऊन बाळं घेतली होती. पुढच्या फेब्रुवारीत शिक्षाही झाल्या. आमची जिआंग्शीची, हूनानची नाही, असं मी स्वतःला शंभर वेळा बजावलं आणि निळी फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. तेव्हापासून लागेल तेवढाच कागद काढायचा आणि बाकीचं तसंच बंद करायचं. तिच्या फाइलीत वर्तमानपत्रातली नोटीस आहे, बाजाराच्या फाटकाशी सापडली, साठ दिवसांत कुणी आलं नाही तर बेवारस समजली जाईल. ती नोटीस मी कितीदा वाचली असेल? दोनदा. एकाच मुलाच्या नियमातही त्या गावात पहिली मुलगी असली तर दुसऱ्या अपत्याला परवानगी होती, म्हणजे ही बहुधा दुसरी मुलगी. कुठेतरी हिची ताई असेल. हा विचार मी इथेच सोडते.

आईने फोनवर एकदा विचारलं होतं, कुणी टाकली असेल गं? मी फार चिडले होते. म्हटलं, साताऱ्यात आपल्याच माणसांनी मुलींची नावं नकुशी ठेवली, तू तिकडच्यांना काय नावं ठेवतेस. २०११ मध्ये २८५ नकुशींची नावं समारंभात बदलली तेव्हा आईनेच कात्रण पाठवलं. सोबत चिठ्ठी नव्हती. मला ते पुरलं. आई असती आज तर तिला विचारलं असतं.

मागच्या वर्षी सप्टेंबरात चीनने परदेशी दत्तक बंदच केलं. तीस-बत्तीस वर्षांत दीड लाखाहून जास्त मुलं गेली आणि दार लागलं. लेक त्या दिवशी फक्त म्हणाली, "म्हणजे आमच्यानंतर कुणी नाही." तेव्हाही मी चहा करायला उठले होते. मी नेहमी काहीतरी करायला उठते.

(दूध उतू जाता जाता वाचलं.)

मघाशी तिचा फोन आला. मी ठरवलं होतं, आज उठायचं नाही. म्हटलं, फोटो मापात बसत होता. मीच कापला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं." आणि मग, "किती घट्ट धरलंय बघ ना तिने." तिने फोनवर तो फोटो मोठा करून पाहिला होता. मीही फाइल काढली. खरंच, कोटात बोटं रुतलीत. कॅमेऱ्यासमोर ठेवायचं म्हणून धरलेलं नाही ते, पडेल म्हणून धरलंय. थंडीने फुटलेल्या बोटांनी.

आयीचं सगळं सांगितलं तिला. दाराकडे बघून रडायचीस तेही. "हे तू कधी सांगितलं नाहीस," म्हणाली. रागावली नाही, पण मी दुखावले जाईन म्हणून तिने रागावणं टाळलं की काय, ते कळलं नाही. विचारलंही नाही. मोठी फ्रेम उद्या आणते म्हटलं तर म्हणाली, आणूया, मी येते तेव्हा, दोघी जाऊ. मूनकेक मी एकटीने उघडायचा नाही, असंही बजावलं. दुधात चारोळी घातलीस का, विचारलं. तिला चारोळी आवडत नाही. मी घातली होती, सवयीने.

मग एकदम म्हणाली, "आता किती वर्षांची असेल गं ती?"

तेव्हा तीस धरली तर आता पन्नास, मी म्हटलं. ती म्हणाली, हातावरून मला चाळिशीची वाटते. म्हणजे साठ. मी म्हटलं, नाही गं, थंडीने हात तसे दिसतात. मनगट तरुण आहे.

अर्धा तास आम्ही दोघी तेच करत होतो.