वर्ग एक, गणिताची पुस्तकं तीन

सातवीच्या मुलांसाठी जादा सरावाची पुस्तकं निवडताना मुखपृष्ठावरच्या इयत्तेकडे मी आता बघतच नाही. आधी बारा उदाहरणांची चाचणी घेतो आणि तिच्यावरून वर्गाचे तीन गट करतो: कच्चा, मधला आणि हुशार. पर्याय द्यायचे नाहीत आणि कच्चं काम त्याच कागदावर करायला लावायचं. 403 − 187 चं उत्तर 384 आलं, तर प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा झालाय, दशक सुटा करणं कळलेलंच नाही. 612 ÷ 6 चं उत्तर 12 आलं, तर मधलं शून्य गिळलंय. 0.25 हे 0.3 पेक्षा मोठं वाटणारं मूल 25 आणि 3 यांचीच तुलना करतंय. एक शाब्दिक उदाहरणही हवंच: डझन केळी 60 रुपयांना, तर 5 केळ्यांचे किती? आकडेमोड बरोबर पण इथे अडलं, तर खोट गणितात नसून वाचनात असू शकते. सेमीच्या मुलांना हेच उदाहरण इंग्रजीतूनही देतो. मराठीत सुटलं आणि इंग्रजीत अडलं, तर त्याला निदान सुरुवातीला ‘अंश-छेद’ असे मराठी शब्द वापरणारंच पुस्तक द्यावं.

स्थानिक किंमत कच्ची असलेल्यांना बाजारातलं काहीच घेत नाही. बालभारतीची खालच्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यातली संख्याज्ञान, वजाबाकी, भागाकार एवढीच पानं छापून शिवायची. ‘इयत्ता तिसरी’ असं कुठे दिसता कामा नये, पानाच्या तळाशीसुद्धा. सातवीतलं पोर ते वाचलं की वही मिटतं. ‘चोवीस’ ऐकून 42 लिहिणारी मुलं याच गटात सापडतात, कारण मराठीत आधी चार ऐकू येतात, मग वीस. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस चार’ धर्तीच्या संख्यावाचनावर बराच गदारोळ झाला. माझ्या मते नेहमीच्या नावाला जोड म्हणून ते उपयोगीच आहे.

मधल्या गटाचं पुस्तक निवडणं सर्वात किचकट, कारण दुकानात ढीग याच पुस्तकांचा. मी थेट अपूर्णांकांचं प्रकरण उघडतो. संख्यारेषा किंवा आकृती नसेल आणि पहिल्याच पानावर ‘छेद समान करा’ असा नियम असेल, तर पुस्तक परत. मग उदाहरणसंग्रह बघायचा. 1/2 + 1/4, नंतर 1/2 + 1/3, नंतर 5/6 + 3/8 अशी चढण हवी. एकाच साच्याची तीस उदाहरणं असली की मूल साचा पाठ करतं आणि 1/2 + 1/3 = 2/5 ही चूक चाचणीत पुन्हा उगवते. शेवटी मागची दहा उत्तरं स्वतः सोडवून ताडतो. दोन चुकीची निघाली तर पुस्तक बाद, कारण आपलं बरोबर उत्तर खोडणारं मूल नेमकं याच गटातलं असतं. घरी नेण्याआधी मुलाला त्यातली दहा उदाहरणं देतो. सात-आठ सुटली तर पुस्तक बरोबर. दहाही सुटली तर सोपं, चार सुटली तर अजून वेळ आहे.

शिष्यवृत्तीची पुस्तकं इथे जपून वापरावीत. शिष्यवृत्ती परीक्षेत गणिताचे प्रश्न सगळे पर्यायी असतात, त्यामुळे या पुस्तकांचा कल युक्त्यांकडे. पर्याय कागदाने झाकून सोडवायला लावलं की तीच पुस्तकं चांगली चालतात.

हुशार मुलाला नववीचं बीजगणित देण्याचा मोह होतो. त्यात ते सूत्रं भराभर शिकतं, पण विचार तिथेच राहतो. त्याला उदाहरणं थोडी आणि अवघड असलेलं पुस्तक हवं. उदाहरणार्थ, 1 ते 100 मध्ये 3 किंवा 5 ने भाग जाणाऱ्या संख्या किती? 33 + 20 करून 53 सांगणारं मूल 15 ने भाग जाणाऱ्या सहा संख्या दोनदा मोजतं, बरोबर उत्तर 47. आठवड्याला अशी तीन पुरतात. सविस्तर उत्तरं उदाहरणाखालीच छापलेली असतील तर ते पुस्तक घेत नाही. मागे असतील तर तेवढी पानं पिन मारून बंद करतो आणि दोन दिवसांनी उघडतो.