घडीत गेलेलं शतक

मोडी कागद देवनागरीत उतरवून देणं हे माझं काम. कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून कोल्हापुरातल्या माझ्या घरी पिशव्या घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली आहे. बहुतेकांना कागदात काय लिहिलंय यापेक्षा एक शब्द सापडतो का, एवढंच हवं असतं.

मालवणहून आलेल्या आजोबांकडे मात्र आधीच वाचून घेतलेला कागद होता. सोबतच्या टाईप केलेल्या लिप्यंतरावर ठळक मथळा होता: 'महाराणी ताराबाईंची सनद, सन १७१२'. माडांच्या बागेची सनद. कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्याला नमस्कार करून ते आले होते. नव्या घरात फ्रेम लावायची म्हणून त्यांना सुवाच्य नक्कल हवी होती, बस्स.

मी तारखेपासून सुरुवात करते. या कागदांत इसवी सन नसतो. सुहुर सन ही मराठी दफ्तरातली जुनी कालगणना; तिचे अरबी आकडे शब्दांत असतात, आणि एकं आधी येतात. सलास म्हणजे तीन, अशर दहा, मया शंभर, अलफ हजार. झाले १११३. महिना सवाल म्हणजे शव्वाल, तिथी ९; ती त्या वर्षी डिसेंबरच्या आत येते, म्हणून इसवी सनासाठी ५९९ मिळवायचे. १७१२. आधीच्याचं गणित बरोबर होतं.

पण 'मया' नेमकं घडीपाशी संपत होतं, आणि पुढच्या 'व अलफ'पर्यंत बोटभर जागा रिकामी. मोडीत आधी ओळभर रेघ मारतात, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं जोडत जातात. शब्दही सुटे ठेवत नाहीत. असा लिहिणारा कारकून ओळीच्या मधोमध जागा का सोडेल? कागद उचलून खालून टॉर्च धरला. काजळीची शाई घडीवर पापुद्रा होऊन निघून जाते, पण मागे फिकट डाग राहतो. वीसेक मिनिटं कागद इकडून तिकडून कलवल्यावर 'तैन' दिसलं.

मयातैन. दोनशे. म्हणजे १२१३, इसवी सन १८१२, ऑक्टोबरचा मध्य.

शंभर वर्षं घडीत गेली होती. आधीच्या वाचकाला ती दिसली नाहीत, हे मी समजू शकते. पण मूळ कागदात ताराबाईंचं नाव कुठेच नाही. साल धरून ते मथळ्यात घालणं ही चूक नव्हे, गिऱ्हाइकाला खूश करणं आहे. आमच्या धंद्यात हे वाढलंय आणि मला त्याचा संताप येतो.

ऑक्टोबर १८१२ कळल्यावर मीच अडकले. सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला. पुढे तो आणि मालवण बंदर करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आलं. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकून त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं आणि पुढच्याच वर्षी जबर रक्कम कबूल करून घेऊन तो परत दिला. अखेर १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने करवीरने मालवण बंदर आणि किल्ला इंग्रजांना दिला. आजोबांचा कागद त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांचा. त्यातला मजकूर असा: 'बाग पेशजीप्रमाणे चालवणे, सरकारांत नारळ पेशजीप्रमाणे पावते करीत जाणे.'

सरकार म्हणजे कोण? करवीरचे छत्रपती की कंपनी? मोडी कारकून दोघांनाही सरकारच लिहीत. शिक्क्याचा कोपरा कसरीने खाल्लेला.

मी आजोबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, ताराराणीचा नाव खंय आसा, दाखवा माका." नाही म्हणून सांगताना माझा आवाज बसला. पुढे त्यांनी 'पेशजी'चा अर्थ विचारला. पूर्वीपासून, म्हटलं. "मगे पूर्वी दिलेली कोणी?"

याचं उत्तर त्या कागदात नाही. बाग १८१२ च्या आधीपासून त्यांच्याकडे होती, एवढं मात्र नक्की. ताराबाईंनी दिली असेल, नसेलही.

नकलेत मी 'सरकार' तसंच ठेवलं, कंसात काही घातलं नाही. सालाच्या जागी 'तैन घडीत पुसट' अशी टीप दिली. मूळ कागद लॅमिनेट करू नका, असं त्यांना तीनदा बजावलं. त्या प्लॅस्टिकने मी कितीतरी कागद कायमचे मेलेले पाहिलेत. पैसे मी नको म्हणत होते, त्यांनी टेबलावर ठेवलेच.

परवा त्यांचा फोन आला. वहाळापलीकडच्या भावकीकडे आणखी एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा आहे म्हणे, कुणी सोडलेला नाही. या रविवारी पहाटेच्या एसटीने मी मालवणला निघतेय.